टाक्यापेक्षा खिडकीने जास्त छळलं

गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालायचा म्हटलं की घरचे, शेजारचे, गाडीत शेजारी बसलेली बाईसुद्धा टाक्याचीच भीती घालते. माझा टाका सहज पार पडला. छळलं ते सोनोग्राफी सेंटरच्या खिडकीने, आणि तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात बाळ गेलं. कळा नाहीत, ताप नाही. ओटीपोटात जडपणा, पांढरं जरा जास्त जात होतं, एवढंच. दवाखान्यात पोचले तोवर पिशवीचं तोंड उघडलेलं होतं. त्यामुळे पुन्हा दिवस राहिले तेव्हा अमळनेरच्या आमच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत बजावलं, की सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजायची. २५ मिलिमीटरच्या खाली आली तर टाका.

'आतून' म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पिशवीले हात लावतीन तं पोटमानं पडी जाई!" मॅडमनी त्यांना समोर बसवलं आणि प्रोब, म्हणजे सोनोग्राफीची आत घालायची दांडी, हातात धरून दाखवला. हा योनीतच राहतो, पिशवीच्या तोंडात शिरत नाही, याने गर्भपात होत नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात त्यांतले जवळपास निम्मे गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, तपासणीमुळे नाही. आणि हिचं गेलं ते तोंड वेळेआधी उघडल्यामुळे, म्हणूनच तर मोजायचंय. सासूबाई गप्प बसल्या. पटलं किती, ते मी विचारलं नाही.

मापासाठी जळगावला पाठवलं. मे महिना. गाडीत पत्रा तापलेला, स्टेशनबाहेर रस्ता तापलेला, आणि सेंटरमध्ये खुर्च्या कमी, पोटुशा बायका जास्त. नंबर आला तर खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी उलटसुलट करून परत सरकवली. तिच्यावर 'गरोदर, सोनोग्राफी' एवढंच होतं. कशासाठी करायची ते नाही, शिक्का नाही. मिस्टरांनी मॅडमना फोन लावून त्याच्यापुढे धरला. त्याने मान हलवली, "फोन चालत नाही, कागद पाहिजे." त्या दिवशी आम्ही तसेच परतलो. येताना गाडीत मी कोणाशी बोलले नाही, कारण डोक्यात एकच हिशेब चालू होता: आत काय उघडतंय, किती उघडतंय.

दुसऱ्यांदा चिठ्ठी पक्की नेली, तर नाव अडलं. आधारवर माझं माहेरचं नाव, फाइलवर सासरचं. "एकच बाई कशावरून? आधी नाव बदलून आणा." आधार बदलायला जो वेळ लागतो त्यात माझं मोजायचं कामच संपलं असतं, हे मी त्याला सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. मागच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तो म्हणाला, "ताई, फॉर्म एफ आहे, आमचं मशीन सील होतं."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे नंतर कळलं. १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ भरावा लागतो, आणि त्यातली उणीव हासुद्धा कायद्याचा भंग धरला जातो. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कायम ठेवलं. आमच्या जिल्ह्यात तर ही कडकपणाची वेळ आपणच आणली. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५० मुलीसुद्धा नव्हत्या. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच फॉर्मात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव चालतं, हे रोज तो फॉर्म भरणाऱ्या माणसाला ठाऊक नसावं? रेडिओलॉजिस्ट मॅडम आवाज ऐकून स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी ते दोन वाक्यांत सोडवलं. आधारवर आहे तेच नाव लिहा, वडिलांचं नाव टाका, शेजारी सासरच्या नावाची नोंद करा. झालं. मला 'बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' या मजकुराखाली सही करायला लावली आणि रांगेत बसवलं.

आता पुढचं ऐका. बसल्यावर एका सिस्टरने पाण्याची बाटली हातात दिली, "पूर्ण प्या, लघवी धरून ठेवा." मी धरून बसले. ज्यांनी गरोदरपणात हे केलंय त्यांना सांगायला नको. आत गेले तर डॉक्टर म्हणतात, "अहो, आतून करायचीय ना? लघवी करून या." पोटावरून करताना मूत्राशय भरलेलं लागतं, आतून करताना रिकामं. भरलेलं असेल तर दाबाने तोंड खऱ्यापेक्षा लांब दिसू शकतं. म्हणजे सिस्टरचं ऐकून तशीच तपासणी झाली असती, तर माप चांगलं आलं म्हणून मला घरी पाठवलं असतं! कोणी पाणी प्या म्हटलं तर आधी विचारा, पोटावरून की आतून.

माप २१ मिलिमीटर आलं. मग मात्र सगळं भराभर झालं. लघवीची आणि आतल्या स्रावाची तपासणी, कारण जंतुसंसर्ग असेल तर टाका घालत नाहीत. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर केलं, आणि कापसाच्या गोणीचं तोंड सुतळीने आवळतात तसं तोंड दोऱ्याने आवळलं. ही शस्त्रक्रिया १९५५ मध्ये मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी मांडली, आणि जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. माझा टाका दुसऱ्या, जरा सोप्या पद्धतीचा होता, पण हे ऐकून सासूबाईंना उगाच धीर आला. "आपला मानूस शे ना," म्हणाल्या.

संमतीपत्रावर पाणमोट फुटणं, संसर्ग, रक्तस्राव, गर्भपात असं सगळं लिहिलेलं असतं. वाचून मिस्टरांचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, हे होऊ शकतं पण क्वचित. तोंड असंच उघडत राहिलं तर त्यापेक्षा मोठा धोका आहे. दोन-तीन दिवस डाग लागले, ते अपेक्षितच होतं. महिनाभर खाटेवर पडून राहण्याचा सल्ला अख्ख्या गल्लीने दिला, डॉक्टरांनी दिला नाही. त्यांच्या मते नुसतं पडून राहून बाळ टिकतं असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो. मी घरात हिंडत होते. जड उचलणं आणि संबंध मात्र बंद.

माझी जाऊ तिसऱ्या महिन्यात पॅप स्मिअरला, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीला, नाही म्हणून आली होती, आतून तपासलं तर गर्भ पडेल याच भीतीने. तिलाही मॅडमनी सांगितलं, त्यात फक्त तोंडावरच्या पेशी घेतात. गरोदरपणात तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो म्हणून थोडा डाग दिसतो, गर्भाला काही होत नाही. तोंडाच्या आतून खरवडणं मात्र या काळात टाळतात.

सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला, भूल न देता, ओपीडीच्या टेबलावरच. पुढे मुलगी झाली, अडीच किलोच्या वर.

एक राहिलंच. टाका असताना माहेरी जाणार असाल तर डिस्चार्ज कार्ड पर्समध्येच ठेवा, बॅगेत नको. पाणी गेलं, ताप आला, कळा सुरू झाल्या, तर जो दवाखाना जवळ असेल तिथे जा आणि नाव सांगायच्या आधी 'टाका आहे' हे सांगा. कळा चालू असताना टाका तसाच राहिला तर पिशवीचं तोंड फाटू शकतं.