क्षेत्र महाबळेश्वर ते वाई: कृष्णेबरोबर खाली उतरताना झाडं बघायची ट्रिप

ऑक्टोबरात आम्ही तिघं महाबळेश्वरला गेलो, पण पॉइंट करायला नाही, मित्राच्या डोक्यात खूळ होतं की कृष्णा जिथून निघते तिथून वाईपर्यंत झाडं कशी बदलतात ते बघायचं. पहिली टीप इथेच देतो, हे उतरताना बघा. चढताना आम्ही तिघंही पसरणी घाटात झोपलो होतो.

सकाळी सातला पंचगंगा मंदिर, म्हणजे कृष्णेचा उगम, गर्दी नसते. बाहेर पडून आजूबाजूच्या जंगलात नीट बघा, जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा, बहुतेक बारमाही हिरवी पण उंचीला बुटकी. इथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मग झाडं उंच का नाहीत? तर खाली जांभा दगड, माती पातळ, वर कड्यावरचा वारा. जळवा असतात, मोजे पँटवर ओढून घ्या.

मग केट्स पॉइंट. तिथून खाली धोम धरणाचं पाणी दिसतं आणि डोंगराचा रंग बदलत गेलेला एका नजरेत कळतो, दुर्बीण असेल तर न्याच. धुकं असलं तर तासभर थांबा, आम्ही दोन चहा पिऊन थांबलो आणि पडदा उघडला. माकडं हातातलं कणीस हिसकावतात, एकाचं गेलं.

पाचगणी जेमतेम वीस किलोमीटर पण पाऊस तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणि इथं जी उंच सरळ झाडं दिसतात ना, ती सिल्व्हर ओक, मूळची ऑस्ट्रेलियाची, इंग्रजांच्या काळात लावलेली. मला लहानपणापासून ती 'पाचगणीची झाडं' वाटायची, भ्रमनिरास झाला. मधल्या शेतांत स्ट्रॉबेरीची रोपं नुकतीच लावलेली, फळ हवं असेल तर डिसेंबरनंतर या.

पसरणी घाटात मात्र थांबत थांबत उतरा (वळणावर गाडी लावू नका, एसटीवाले सोडत नाहीत). उतारावर बहुतेक गवत, घाणेरी, मधूनच लावलेलं गिरिपुष्प. पाऊस कमी झाला हे खरंच, पण चहाच्या टपरीवरच्या काकांनी दुसरं कारण सांगितलं, "फेब्रुवारी-मार्चात गवत पेटवतात, नवं चांगलं फुटतं म्हणून, वर गुरं. रोप वर यायला वावच कुठाय?" म्हंजे पावसाने जेवढं जगू दिलं असतं तेवढंही तिथं नाही. घळीत, जिथं आग पोचत नाही, तिथं झाडी टिकून आहे, ते मुद्दाम बघा.

वाईला पाऊस हजाराच्या आत, तरी धोमच्या कालव्यामुळे ऊस आणि हळद हिरवीगार, वरच्या डोंगरापेक्षा जास्त हिरवी! जेवण वाईत करा, मेणवलीचा नदीकाठचा घाट संध्याकाळी. परत येताना सुरूर रस्त्याचे जुने वड उजेडात बघायचे असतील तर साडेपाचच्या आत निघा, आम्हाला अंधार झाला आणि नुसते बुंधे हेडलाइटमध्ये दिसले.