बारका मासा तळ्यात परत सोडू नका

बारका मासा म्हणजे पिल्लू असं आपण धरून चालतो, आणि गळाच्या तळ्यांचं जास्तीत जास्त नुकसान याच समजुतीने होतं. गळ टाकला की लगेच फ्लोट बुडतो, मासा तळहाताएवढा, परत टाकला की परत तेवढाच, दिवसभर हेच. लोक खुश होतात की काय भरलंय तळं, आता थोडे महिने थांबू म्हणजे मोठे होतील. नाही होत. ते मासे बहुतेक वेळा म्हातारे असतात, त्यांचं वाढायचं वय कधीच निघून गेलेलं असतं, फक्त पोटाला न मिळाल्यामुळे ते तेवढेच राहिलेत.

माशाचं असं आहे की खायला कमी पडलं तर तो लगेच मरत नाही, वाढ थांबवतो आणि तसाच वर्षानुवर्षं जगतो. आणि तळं तर ठरावीक वजनच पोसू शकतं. समजा एका तळ्यात शंभर किलो मासा जगू शकतो, तर ते शंभर ग्रॅमचे हजार मासे असतील नाहीतर अर्ध्या किलोचे दोनशे, दोन्ही एकदम मिळणार नाही. वरून खाद्य टाकून हा आकडा थोडा वाढतो पण जास्तीचं खाद्य पुढच्या विणीच्या पिल्लांच्याच पोटात जातं, म्हणून नुसतं खाद्य हा उपाय मला कधीच पटला नाही.

चिलापी म्हणजे तिलापिया यात सगळ्यात पुढे. गर्दी झाली की ती आठ-दहा सेंटिमीटरची असतानाच अंड्यावर येते, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि तेवढे दिवस खात नाही, म्हणजे तिची वाढ तिथेच अडते, पाणी कोमट असेल तर महिना-दीड महिन्यात परत वीण, आणि पिल्लं तोंडात सुरक्षित असल्यामुळे जगतातही भरपूर. थंड भागात हाच प्रकार पर्च, रोच आणि क्रूशियन कार्पचा होतो, अमेरिकेत ब्लूगिलचा.

या विषयावरचं पायाभूत काम अमेरिकेतल्या अलाबामातल्या ऑबर्नला होमर स्विंगल यांनी केलं, 1950 साली त्यांनी समतोल आणि असमतोल तळ्यांवर सविस्तर लिहिलं. त्यांची काठावर जाळं ओढून बघायची पद्धत मला आजही सगळ्यात उपयोगी वाटते. विणीचा हंगाम झाल्यावर उथळ पाण्यात बारीक जाळं ओढायचं, नुकती जन्मलेली ब्लूगिलची पिल्लं आणि सोबत बास या शिकारी माशाचीही पिल्लं दिसली तर तळं ठीक, पण सात ते तेरा सेंटिमीटरचे मधल्या साइजचेच ब्लूगिल भरून आले आणि बासचं एकही पिल्लू नाही, तर गर्दी झालीय. कारण ही उपाशी गर्दी बासची अंडी आणि पिल्लंसुद्धा खाऊन टाकते, म्हणजे ज्याने त्यांना आवरायचं तोच वाढत नाही. जाळं नसेल तर गळाचे मासे मोजा. ब्लूगिलमध्ये आठ सेंटिमीटरच्या वरचे सगळे धरायचे आणि त्यातले पंधराच्या वरचे किती टक्के ते बघायचं, 20 ते 60 टक्के म्हणजे चांगलं, त्याच्या खाली गेलं की काम सुरू करा. दुसऱ्या माशांना ही मापं वेगळी असतात. मापाशिवाय नुसत्या नजरेनेही कळतं, डोकं मोठं, डोळा मोठा आणि मागचं अंग चपटं सुकलेलं.

आता उपाय. बारके काढायचे, आणि भरपूर काढायचे. थोडेसे काढून काही होत नाही कारण राहिलेल्यांना खायला मिळतं, त्यांची जास्त पिल्लं जगतात आणि पुढच्या हंगामात तळं परत तेवढंच भरतं, म्हणून विणीच्या आधी जाळं ओढून, सापळे लावून, गळाने, जमेल त्या सगळ्या मार्गांनी काढत राहायचं आणि हे दरवर्षी चालू ठेवायचं. गळावाले प्रेमापोटी बारका मासा सोडतात आणि मोठा घेऊन जातात, माझं कळकळीचं म्हणणं आहे की नेमकं उलटं करा. मोठा शिकारी मासा काढला की गर्दी वाढते हे कोणालाही कळेल, पण त्याच जातीचा मोठा नरसुद्धा ठेवायला हवा. ब्लूगिलमध्ये घरटी राखणारे मोठे नर उचलले गेले की लहान नर लवकर विणीवर येतात आणि वाढायची ताकद त्यातच घालवतात, पुढची सगळी पिढी बुटकी.

शिकारी मासा सोडायचा असेल तर त्या भागात आधीपासून असलेलाच सोडा, कुठे मरळ, कुठे पाइक, कुठे बास, परका आणलात तर तो तळ्याबाहेर गेल्यावर आवरत नाही. आणि सोडताना बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं नको, गर्दीच्या तळ्यात बोटुकली उपाशी राहते किंवा खाल्ली जाते, वीस-पंचवीस सेंटिमीटरचा तरी पाहिजे. शिकाऱ्याचा परिणाम किती खोल असतो बघा, स्वीडनमध्ये ब्रॉनमार्क आणि मायनर यांनी 1992 मध्ये दाखवलं की पाइक असलेल्या पाण्यात क्रूशियन कार्पचं अंगच उंच होतं, म्हणजे गिळायला अवघड, आणि पाइक नसलेल्या तळ्यात तोच मासा बुटका आणि ढिगाने.

पाणवनस्पती खूप माजल्या असतील तर पिल्लांना लपायला इतकी जागा मिळते की शिकारी पोचतच नाही, म्हणून थोड्या काढा, सगळ्या नको. पाणी कमी करता येत असेल तर थंडीत करा, बारके मासे झाडोऱ्यातून बाहेर येऊन शिकाऱ्यासमोर येतात. उन्हाळ्यात नको, गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, पहाटे तर सगळ्यात कमी, आणि सगळे मासे एकदम मरतील.

रोटेनोनसारखं विष टाकून तळं साफ करणं हा शेवटचा मार्ग, बऱ्याच देशांत परवानगीशिवाय ते वापरता येत नाही आणि त्यात चांगला-वाईट कुठलाच मासा उरत नाही. त्यापेक्षा तळं आटवून तळ पूर्ण वाळू द्या, चिलापीचं पिल्लू डबक्यातल्या ओंजळभर पाण्यातही तग धरतं म्हणून डबकीसुद्धा सुकली पाहिजेत.

सुरुवातीला गळाला मासे कमी लागतील आणि लोक कुरकुर करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. बुटके मासे बहुतेक वेळा जातीने बुटके नसतात, जागा आणि खाद्य मिळालं की राहिलेल्यांतले तरुण मासे परत वाढायला लागतात. आणि काढलेले मासे जिवंत नेऊन जवळच्या नदी-ओढ्यात सोडू नका, तिथल्या माशांच्या डोक्यावर तीच गर्दी बसेल. खायला वापरा, कोंबड्यांना घाला, नाहीतर झाडाच्या बुडाशी खत म्हणून पुरा.