घाट चढते, गल्लीत अडखळते

आमच्या घरची गाडी 1996 ची. कार्बोरेटरची, तीन सिलिंडरची, अण्णांनी पीएफमधून पैसे काढून घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एकोणतीस वर्षांनी रबर फाटलं तर त्यात कंपनीचा काय दोष?

गेल्या दिवाळीच्या आसपास तिनं नवीनच खोड काढली. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे दुसऱ्या गिअरमध्ये, पंधरा-वीसच्या स्पीडला जाताना ॲक्सिलरेटरवर पाय किंचित टेकवला की ती आधी मान टाकायची, दोन झटके द्यायची आणि मग तिच्या मनात आलं की उचलायची. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून जीव खायचे. उभी असताना मात्र इंजिन अगदी शहाण्यासारखं फिरायचं. हायवेला ऐंशीवर तक्रार नाही. आणि कहर म्हणजे यवतेश्वरचा घाट चार माणसं घेऊन ती एका दमात चढायची.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "मिसिंग मारतेय. प्लग टाका." तीन प्लग आणि प्लगच्या वायरी बदलल्या. फरक शून्य. जुने प्लग मी घरी आणून खिडकीतल्या उजेडात पाहिले, तर तिन्हींचा रंग सारखाच, फिकट तपकिरी. एखादा सिलिंडर मार खात असता तर एक तरी प्लग वेगळा दिसला असता. हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

दुसऱ्यानं कार्बोरेटर खोलला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. जेट साफ केले, गॅस्केटचा संच बदलला, पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलल्या. "हल्ली सगळ्या जुन्या गाड्यांचं हेच होतंय, ई-20 मुळं." हे ऐकलं की समोरचा माणूस मान डोलावतो, मीही डोलावली. ई-20 म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. नुसत्या पेट्रोलच्या एका भागाला वजनानं 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. वीस टक्के मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेचं भोक, त्याला कोण सांगणार? तेव्हा मिश्रण थोडं पातळ होतं, हे खरं. पण ते सगळीकडेच पातळ होईल. घाटात ठणठणीत आणि गल्लीत आजारी, असं ते का वागेल? त्यानं मिक्श्चरचा स्क्रू थोडा सोडून दिला. गाडी तेवढीच अडखळत राहिली, फक्त पेट्रोल जास्त पिऊ लागली.

मधल्या काळात पीयूसीची मुदत संपली. तिथं गाडी झकास पास झाली. अण्णा म्हणाले, "बघ, सरकारी मशीन सांगतंय, इंजिन चांगलंय." अण्णांना कोण समजावणार की ती तपासणी गाडी उभी ठेवून, स्लोवर करतात, आणि उभी असताना ती अडखळतच नव्हती.

तिसरा मेस्त्री वयस्कर होता. त्यानं डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचा, बोल्ट ढिला केला, तो हातानं जरासा फिरवला आणि परत आवळला. म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडेल असं केलं. मी गल्लीत फेरी मारली आणि चाटच पडलो. झटके निम्म्यावर आले होते! खुशीत रविवारी कासकडे निघालो, तर यवतेश्वरच्या पहिल्याच वळणावर इंजिनमधून खटखट आवाज. डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. ठिणगी वेळेआधी पडली की भार घेताना हा आवाज येतो आणि तसंच रेटलं तर पिस्टन कामातून जातो. तिथूनच परत फिरलो.

आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. त्यांचं सगळं आयुष्य डिझेलमध्ये गेलं. "डिझेलला प्लगच नसतो, मला काय इचारतोस," असं म्हणत का होईना, खुर्ची घेऊन गाडीपाशी बसले. मी झटक्यांचं रडगाणं सुरू केलं, तर मध्येच थांबवून म्हणाले, "कुठं अडखळते ते ऱ्हाऊ दे. कुठं न्हाई अडखळत, ते सांग."

उभी असताना नाही. घाटात पाय पूर्ण दाबल्यावर नाही. फक्त पाय थोडासा दाबलेला असताना. आणि तिसऱ्या मेस्त्रीनं ठिणगी लवकर केली तेव्हा दिसलं होतंच, की त्या थोड्याशा दाबाला ठिणगी लवकर लागते, पूर्ण दाबाला उशिरा. हे माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि मला गॅरेजच्या चकरांत घालवलेले तीन महिने आठवले. म्हणजे गाडीत ठिणगी मागेपुढे करणारं काहीतरी असणार, आणि ते मेलंय.

असतंच. डिस्ट्रिब्युटरच्या बगलेला पत्र्याची एक चपटी डबी असते, व्हॅक्युम ॲडव्हान्स. तिच्या आत रबराचा पातळ पडदा. डबीतून एक बारीक नळी कार्बोरेटरला जाते. पाय हलका असला की सिलिंडरमध्ये मिश्रण कमी शिरतं, विरळ असतं, सावकाश जळतं. म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. तेव्हा नळीतून ओढ बसते, पडदा मागे सरकतो आणि आतल्या प्लेटला फिरवून ठिणगी लवकर पाडतो. पाय पूर्ण दाबला की ओढ संपते, पडदा जागेवर येतो. आमच्या कार्बोरेटरमध्ये त्या नळीचं भोक थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या, पाकळीच्या जरा वर आहे, त्यामुळं इंजिन स्लोवर असताना तिथं ओढच पोचत नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं एअर कुठून घेतेय ते शोधायला इंजिन स्लोवर ठेवूनच सगळीकडं स्प्रे मारला होता. त्याला काही सापडलं नाही, हे रास्तच होतं.

तपासणी इतकी सोपी की लाज वाटावी. नळी कार्बोरेटरच्या बाजूनं काढली, टोक पुसलं, तोंडात धरून हवा ओढली आणि जीभ लावली. पडदा शाबूत असेल तर नळी जिभेला चिकटून बसते. माझ्या तोंडात नुसती हवा येत राहिली, उसाच्या रसातल्या फाटक्या स्ट्रॉसारखी. नळीच फाटली नाही ना, म्हणून ती डबीपासून सोडवून दुसरं टोक बोटानं दाबून ओढलं, तर ती लगेच चिकटली. म्हणजे दोष डबीतच. ठिणगी लवकर पडत नव्हती ते एक, आणि पाय हलका टेकवला की त्याच भोकातून फुकटची हवा आत जाऊन मिश्रण आणखी पातळ होत होतं ते दुसरं.

डबी साताऱ्यात मिळाली नाही. दोन दुकानदारांनी तर असला पार्ट कधी पाहिलाच नव्हता. शेवटी पुण्याला नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीत, एका दुकानाच्या पोटमाळ्यावरून धूळ खात पडलेली एक निघाली. दुकानात उभ्या उभ्याच तिला तोंड लावून ओढून पाहिलं. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, पण काही बोलला नाही. रबर तिथंही वर्षानुवर्षं पडून असतं, त्यामुळं नवं म्हणून तसंच उचलू नये. साडेआठशे रुपये.

बसवणं अर्ध्या तासाचं काम. त्यानंतरचं मात्र विसरू नका: तिसऱ्या मेस्त्रीनं फिरवलेला डिस्ट्रिब्युटर मूळ जागी आणावा लागतो. नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट लावायचा, पुलीवरची खूण जुळवायची आणि मग नळी परत जोडायची. हे काम त्याच मेस्त्रीकडून करून घेतलं. मिक्श्चरचा स्क्रूही त्यानं पुन्हा लावला. जुनी डबी हातात घेऊन त्यानं पण ओढून पाहिली आणि हसला. पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी अण्णा एकटेच गाडी घेऊन राजवाड्यापर्यंत जाऊन आले. तेही बाजाराच्या गर्दीत. किल्ली खुंटीला अडकवताना त्यांनी एवढंच विचारलं, "जुना पार्ट फेकलास का?"

फेकला नव्हता. ते तो घेऊन काकांकडे गेले.