गोल, चौकोन आणि अनिता हार्डिंग

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. सकाळी ओपीडीत एक आई मुलाला घेऊन आली होती. पोरगं चालताना झोकांड्या खातं, जिना उतरताना कठडा सोडत नाही, बोलणंही जरा जड झालंय. डॉक्टरांनी हातोडीने गुडघ्यावर मारून बघितलं, पाय हललाच नाही. मग मी नेहमीसारखी फॅमिली ट्री काढायला घेतली, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी माणूस भरीव, आणि नवरा-बायको आधीपासून नात्यातले असतील तर मधे दोन रेघा. इथे दोन रेघा माराव्या लागल्या, कारण तिचा नवरा म्हणजे तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आणि रेघ मारत असतानाच ती हळूच म्हणाली, "मॅडम, आत्या म्हणतात हा आजार आईकडूनच येतो, त्यांनी मोबाईलवर वाचलंय."

रिपोर्टमध्ये फ्रीडरीख अटॅक्सिया आहे, म्हणजे हळूहळू तोल जात जाणारा, घराण्यातून येणारा मज्जातंतूंचा आजार, ज्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणारे भाग, नीट चालत नाहीत. आत्याबाईंनी वाचलं ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, 16,569 अक्षरं, 37 जीन्स, तो आईकडूनच येतो हे खरंय. पण मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बहुतेक प्रोटीन्स पेशीच्या केंद्रकातल्या जीन्सवरून बनतात आणि ते जीन्स आई आणि बाप दोघांकडून येतात. फ्रीडरीख त्यातलाच, दोन्हीकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो. हे मी तिला सांगितलं, पण बाहेर लाईन होती म्हणून घाईत सांगितलं, आणि तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की पोचलं नाही. तेच डोक्यातून जात नाहीये.

घरी आल्यावर अनिता हार्डिंगबद्दल परत वाचत बसले. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकारांच्या हॉस्पिटलची न्यूरॉलॉजिस्ट. 1981 मध्ये तिने फ्रीडरीखच्या 90 कुटुंबांचा, 115 पेशंट्सचा अभ्यास छापला, तेव्हा या आजाराची जीन टेस्ट नावालाही नव्हती. कुणाला कितव्या वर्षी सुरू झालं, गुडघ्याचा झटका येतो का, बोलणं कधी बिघडलं, भावंडांमध्ये किती साम्य आहे, असं एकेक घर घेऊन तिने निदानाचे निकष ठरवले. आज सकाळची हातोडी तीच आहे, मला तर वाटतं आमची निम्मी ओपीडी अजून तिच्या वहीवर चालते.

मग 1988 मध्ये इयन होल्ट आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांच्याबरोबर तिचा नेचर या विज्ञान नियतकालिकातला पेपर आला. स्नायूंचा मायटोकॉन्ड्रियल आजार असलेले 25 पेशंट, त्यातल्या 9 जणांच्या स्नायूत दोन जातींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए, एक अख्खा आणि एक मधला तुकडा गळालेला. या डीएनएमधल्या बिघाडाने माणसाला आजार होतो हे पहिल्यांदा दिसलं ते इथे. पुढे लेबरच्या आजारावर, ज्यात तरुण पोरांची नजर काही आठवड्यांत जाते, त्यावरही तिने खूप काम केलं. म्हणजे वंशवृक्ष एका हातात आणि मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या हातात, असं तिचं सगळं करिअर.

11 सप्टेंबर 1995 ला ती कॅन्सरने गेली, त्रेचाळिसावा वाढदिवस आठवड्यावर आला होता. आणि सहाच महिन्यांनी, मार्च 1996 मध्ये, फ्रीडरीखचा जीन सापडला. जीएए ही तीन अक्षरं निरोगी माणसात थोड्याच वेळा येतात, यांच्यात शेकड्यांनी वाढलेली, त्यामुळे फ्रॅटॅक्सिन हे प्रोटीन कमी पडतं. आणि ते काम कुठे करतं तर मायटोकॉन्ड्रियात, हे पुढच्या वर्षी कळलं. तिच्या आयुष्याची दोन कामं एकाच आजारात येऊन मिळाली आणि ते बघायला ती नव्हती. मी हे आधीही वाचलंय, पण दर वेळी इथे थांबायला होतं.

पुढच्या गुरुवारी त्या तिघांना बोलावलंय, ती, नवरा आणि आत्या. लाईन कितीही असू दे, नवीन कागदावर सावकाश काढणार आहे. एकच बिघडलेली प्रत असलेला माणूस आजारी नसतो, त्याचं चिन्ह अर्धंच भरतात. म्हणून आईचा गोल अर्धा भरायचा, बापाचा चौकोन अर्धा भरायचा. आणि बापाकडे ती प्रत बहुतेक त्याच्या आईकडूनच आलेली असणार, दोन्ही घरांचे आजी-आजोबा एकच ना. म्हणजे आत्याबाईंचाही गोल अर्धा भरावा लागेल, त्यांच्यासमोर, आणि बोट त्यांच्याकडे वळलंय असं त्यांना वाटता कामा नये. आधी आजी-आजोबांपासून सुरुवात करते, त्यांनाच विचारते नावं काय होती.

पेन्सिल घेऊन जायची, पेन नको.