ब्रश लागलेला जोड

२०१७ साली मी पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या विभागात होतो. चांद्रयान-२ च्या लँडरसाठी टायटॅनियमच्या काही नळ्यांचे जोड आमच्याकडे वेल्डिंगला आले होते. बोटाएवढ्या जाडीच्या नळीचा एक जोड, आणि त्याच्या रूट कार्डवर, म्हणजे कामाचा प्रत्येक टप्पा नोंदवायच्या कार्डावर, वीसेक सह्या. माझा निम्मा दिवस कागदांतच जायचा.

टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन अक्षरशः पिऊन घेतं आणि ठिसूळ होतं. म्हणून टिग वेल्डिंग करताना हवा दूर ठेवायला बाहेरून आर्गॉन वायू, नळीच्या आतून आर्गॉन, आणि टॉर्च पुढे सरकला तरी मागचा वेल्ड निवेपर्यंत त्याच्यावरही आर्गॉन. जोड जमला की चांदीसारखा चकाकतो. फिकट सोनेरी झाक चालते. निळा दिसला की शंका घ्यायची, आणि राखाडी भुकटी दिसली की तुकडा गेलाच. एक्स-रेत भोक दिसतं, तडा दिसतो. हीलियम लावलं की गळती सापडते. धातूनं हवा प्यायली आहे का, हे मात्र दोन्हींत कळत नाही. जोड न कापता ते रंगच सांगतो, आणि तारेचा ब्रश मारला की तो रंगच निघून जातो. म्हणून आमचा नियम होता, क्यूसीनं बघेपर्यंत जोडाला ब्रश लावायचा नाही.

त्या दिवशी ट्रेमध्ये सहा जोड होते. चौथा भिंगाखाली धरला तर बारीक, समांतर ओरखडे. ब्रशचे.

वेल्डर काकांचा हात तीस वर्षांचा. त्यांच्यासारखा टॉर्च धरणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

"काका, ब्रश मारलात?"

"हात गेला रे. आयुष्य स्टीलवर गेलं माझं, वेल्ड झाला की हात आपोआप ब्रशकडे जातो."

"रंग कसा होता?"

"चांदी. खोटं कशाला बोलू?"

माझा त्यांच्यावर विश्वास होता. तरीही मी जोड अडवून लाल टॅग बांधला.

प्रॉडक्शनचे साहेब धावत आले. एक्स-रे क्लिअर आहे, हीलियम पास आहे, सोमवारी डिस्पॅच आहे! माल तयार व्हायच्या आधीच यांच्या वहीत गाडी सुटलेली असते. ती सवय मला तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. शेवटी वरपर्यंत गेलं आणि जोड कापून तपासायचं ठरलं. कापला, पॉलिश केला, हार्डनेस घेतला. हवा प्यायलेला वेल्ड मूळ नळीपेक्षा कडक लागतो. आमच्या जोडाचे आकडे नळीच्या आकड्यांशी जवळजवळ जुळले.

म्हणजे जोड उत्तम होता.

काकांनी नवा जोड करून दिला, ब्रश स्टोअरमध्ये जमा केला, आणि पुढचे कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले.

७ सप्टेंबर २०१९. पहाटेचे दोन वाजत आले होते. विक्रम लँडर चंद्रापासून २.१ किलोमीटरवर येईपर्यंत सगळं ठीक होतं, मग संपर्क तुटल्याचं इस्रोनं सांगितलं. थोड्याच वेळात फोन वाजला. काका होते.

"आपलं काही नव्हतं ना रे?"

"नाही हो काका," मी म्हणालो. पण कशाच्या जोरावर? यानात गेलेले जोड मी फक्त रंगावरून ओळखत होतो. आतून बाहेरून पूर्ण माहीत असलेला जोड एकच, आणि तो मी कापला होता. त्यानंतर अनेक रात्री मी त्या ट्रेमधले बाकीचे जोड डोळ्यांसमोर आणून त्यांचे रंग आठवत बसलो. दुसऱ्याच्या कडेला सोनेरी झाक होती. ती फिकटच होती ना?

इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ च्या जुलैमध्ये कारणं उघड सांगितली. पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त रेटा दिला, चुका साचत गेल्या, त्या सुधारायला यानाला झपाट्यानं वळायचं होतं आणि सॉफ्टवेअरनं वळण्याच्या वेगाला मर्यादा घातलेली होती. उतरायची जागाही जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर. ही बातमी मी दोनदा वाचली आणि तशीच काकांना पाठवली. त्यांनी नुसता नमस्कार पाठवला.

२३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा लँडर उतरला, तेव्हा काका निवृत्त होऊन गावी गेले होते. मीच फोन केला. दोघांनाही धड बोलता येईना. मग ते म्हणाले, "तो कापलेला जोड आहे का रे तुझ्याकडे? एक तुकडा मिळाला तर बघ."

नव्हता. रिजेक्ट माल कुलूपबंद लाल पेटीत जायचा आणि ग्रॅमचाही हिशेब देऊन परत करायचा. त्या पेटीच्या पावतीवर सही माझीच होती.