आई-बाबांचा फोन: वाजायला हवा, उचलता यायला हवा

मुलं परगावी, घरात आई किंवा बाबा एकटे. हाताशी महागडा स्मार्टफोन आहे, तरी 'फोन लागतच नाही' ही तक्रार दोन्हीकडून असते. दोष बहुतेक वेळा वयाचा नसून सेटिंगचा असतो.

पहिलं पाहायचं ते बॅटरीचं. अँड्रॉइड फोन पडून राहिला की बॅटरी वाचवायला ॲप झोपवतो, मग व्हॉट्सॲप कॉल वाजतच नाही. सेटिंग्ज, ॲप्स, व्हॉट्सॲप, बॅटरी इथे जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. चुकून बोट लागून 'डू नॉट डिस्टर्ब' किंवा विमानाचं चिन्ह चालू झालंय का, तेही बघा.

कॉल वाजला तरी उचलणं वेगळं. स्क्रीन बंद असताना व्हॉट्सॲपचा कॉल आला, तर बऱ्याच फोनवर बटण दाबून भागत नाही, वर सरकवावं लागतं. आई-बाबा दाबत राहतात आणि रिंग संपते. शेजारी बसून दहा वेळा कॉल करा, उचलू त्यांना द्या. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी होते आणि स्क्रीनला स्पर्श कळत नाही. बोट किंचित ओलसर करून पुसलं की काम होतं. बोट जास्त वेळ टेकून राहत असेल तर फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अँड होल्ड डिले' लाँग करा, म्हणजे आयकॉन जागचे हलणार नाहीत. अक्षरं मोठी कराच, पण अगदी टोकाला नेऊ नका, काही ॲपमधली बटणं स्क्रीनबाहेर जातात.

त्यांना स्वतःहून फोन करता येणं तर फारच महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर मुलीचं चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, 'मोअर', 'ॲड शॉर्टकट'. मुख्य स्क्रीनवर तिचा फोटो येतो. त्यावर बोट ठेवलं की चॅट उघडतं, मग वरचं, व्हिडिओ कॉलचं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबायचं. असे चारच फोटो ठेवा, आणि त्यातले दोन गावातल्याच माणसांचे असू द्या. अमेरिकेतला मुलगा रविवारी भेटेल. रोजचा आधार ज्येष्ठ नागरिक संघातली मैत्रीण किंवा बाकावरचे मित्र देतात. गुडघे दुखतात म्हणून कट्टा सुटला असेल, तर रोज ठरलेल्या वेळी गट कॉल लावा. व्हॉट्सॲपवर ३२ जण बसतात, पण चार-पाचच बरे: चेहरे मोठे दिसतात, ओठ हलताना दिसले की ऐकू कमी येणाऱ्यालाही बोलणं कळतं. खिडकी पाठीशी नको, चेहरा काळा दिसतो. फोन हातात न धरता स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा.

फसवणुकीच्या भीतीने फोन काढून घेऊ नका. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्समध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा, म्हणजे अनोळखी नंबरचे कॉल वाजणार नाहीत. मात्र नातवाने परदेशी नवा नंबर घेतला तर तो आधी सेव्ह करा, नाहीतर त्याचाही कॉल वाजणार नाही. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर 'अटक' करणारं 'डिजिटल अरेस्ट' असं काही कायद्यात नाही, हे शांतपणे समजावून सांगा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या स्टँडमागे भिंतीवर चिकटवा.