चौथी सीट

लोकलच्या बाकावर तीन माणसं बसतात, हे रेल्वेचं म्हणणं. आमचं म्हणणं, चार. या मतभेदातून जी वितभर जागा निघते तिला चौथी सीट म्हणतात, आणि गेली २४ वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी हा माझा प्रवास बहुतेक त्या वितभर जागेवरच झालेला आहे.

चौथ्या सीटवर कुणी बसत नाही, बूड टेकतं. तेही एकाच बाजूचं. दुसरी बाजू हवेत, आणि तिकडचा पाय वाटेत रोवलेला. गाडीने ब्रेक मारला की सगळा भार त्या पायावर. उभ्या असलेल्या बाईची पर्स दर धक्क्याला कानशिलावर. तरी घरी येऊन सांगायचं, ‘आज बसून आले.’

बाकीच्या तीन सीटांचा कारभार वेगळा. तिथे हक्क लागतो. डब्यात शिरल्या शिरल्या बसलेल्या बाईला हनुवटी उडवून विचारायचं, ‘कुठे?’ ती म्हणते, ‘घाटकोपर. पण त्या हिरव्या ड्रेसवाल्यांना सांगितलंय.’ हिरव्या ड्रेसच्या मागे आणखी एक चष्मेवाली असते. सातबाऱ्यावरसुद्धा इतके वारस सापडायचे नाहीत. काहीजणी तर आधी उलट दिशेने कल्याणला जातात आणि तिथून बसून येतात; त्यांच्यावरून होणारी भांडणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. चौथीला असलं काही लागत नाही. फक्त तोंड उघडून म्हणायचं, ‘जरा सरका.’

हे दोन शब्द मला कितीतरी वर्षं म्हणता येत नव्हते.

कारण असं, की माझा देह पहिल्यापासून ऐसपैस. लग्नात पाटावर बसवताना एक आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, ‘हिला दोन पाट जोडा गं.’ ते डोक्यात बसलं. शिवाय मी अकाउंट्समधली. बाकापाशी उभी राहून आधी हिशेब करायची: दोन बारीक आणि एक मध्यम असेल तर विचारायचं, एक जरी माझ्यासारखी असेल तर गप्प उभं राहायचं. असा हिशेब करत करत मी कुर्ल्यापर्यंत जायची. एकदा एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘अहो, बसा. उभ्या राहून काय बारीक होणार आहात का?’ आजूबाजूच्या हसल्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले आणि टेकले. बाईंनी अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. भायखळा येईपर्यंत निवडून झाली.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा १४ डबे होते आणि ४०० पाहुणे. म्हणजे डब्यामागे २९सुद्धा माणसं नाहीत. (सांगितलं ना, अकाउंट्समधली.) त्या दिवशी कुणी कुणाला सरका म्हटलं असेल असं वाटत नाही. चौथी सीट नंतर कधीतरी गर्दीनेच काढली. तिचा ना कुठे फलक, ना नियम. तरीही सरकायला नकार देणारी बाई मला २४ वर्षांत फार तर चार-पाच वेळा भेटली असेल. कपाळाला आठ्या घालतात, ‘कुठे बसणार, माझ्या डोक्यावर?’ म्हणतात, आणि म्हणता म्हणता सरकतात.

ऑफिसात मी ११ वर्षं ‘प्रभारी’ होते. ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको की प्रभारी म्हणजे कचेरीतली चौथी सीट. काम पूर्ण, टेकायला अर्धं. पद कायम भरायची वेळ आली तेव्हा त्यांनी बाहेरून एक तरुण मुलगा आणला. त्या संध्याकाळी सीएसएमटीला चढले तेव्हा डोळे भरलेले होते. तिसऱ्या सीटवरच्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता सरकली. मी रडायची तयारी केली होती, पण चौथ्या सीटवर रडता येत नाही. तोल जातो. मशीद, सँडहर्स्ट रोड जाईस्तोवर नाक पुसून मी दोन्ही हातांनी समोरच्या बाकाची पाठ धरली होती.

तो मुलगा वाईट नाही. मार्चअखेरीला त्याच्या ताळ्यात ६३ रुपयांचा फरक येत होता. रात्रीचे आठ वाजलेले, तो घामाघूम. मी म्हटलं, ‘६३ला ९ने भाग जातो ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. जिथे ८१ आहे तिथे १८ झालंय का बघा.’ पंधराव्या मिनिटाला सापडलं. ताळा जुळताना जे वाटतं ते पगारपत्रकात कुठल्या रकान्यात मांडायचं, मला माहीत नाही. तो ‘मॅडम, कमाल आहे’ म्हणाला. वाढ अर्थात त्यालाच मिळाली. हे मी विसरलेले नाही, आणि विसरायचं काही कारणही मला दिसत नाही.

ह्यांची आणि माझी गाठही त्याच जागेवर पडली. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर मोठ्यांनी ‘दादरला फिरून या’ म्हणून दोघांना बाहेर काढलं. रविवार दुपार, जनरल डबा. मला चौथी मिळाली, हे समोर उभे. घाटकोपरला खिडकीतला माणूस उतरला, सगळे आत सरकले, मी तिसरी झाले आणि माझ्या शेजारी चौथी उघडली. हे टेकले. बोलायला काही सुचेना. मी पंख्याकडे, हे चपलांकडे. कुर्ला गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला धक्का लागू नये म्हणून हा माणूस जवळजवळ हवेतच बसला आहे. मी सरकले. दोन बोटं. हेही दोन बोटं आत आले. लग्नाची बोलणी दोन्ही घरांनी पुढे महिनाभर चालवली, मानपान झाले, रुसवे झाले. मला विचाराल तर सगळं कुर्ला आणि दादरच्या मध्ये ठरलेलं होतं.

अर्थात ‘भटाला दिली ओसरी’ म्हणतात त्यातला प्रकार. आता ह्यांचं घोरणं, ह्यांचे पेपर आणि ह्यांच्या औषधांचा डबा मिळून घरातली तिन्ही सीटं अडवतात.

कधी सुट्टीच्या दिवशी गाडी रिकामी मिळते. अख्खा बाक, खिडकी, वारा. मी ऐटीत बसते आणि दोन स्टेशनं गेल्यावर बघते, तर एक पाय वाटेत रोवलेलाच.

परवा रविवारी घरी अशीच गत. दुकानदाराने थ्री-सीटर म्हणून विकलेल्या आमच्या सोफ्यावर एका टोकाला सासूबाई, दुसऱ्या टोकाला मोबाइलमध्ये मुंडी घातलेला मुलगा, मध्ये हे, दोन्ही हात फाकवून पेपर धरलेला. मी चहाचा कप घेऊन उभी.

‘अहो, जरा सरका.’

पेपरामागून आवाज आला, ‘कुठे?’

‘डोंबिवलीच.’

‘कोण उतरतंय?’ सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी पेपराची घडी केली, अर्धीच, आणि दोन बोटं सरकले.